तांदूळ वाढले

रिकामा ट्रक घाट चढत होता आणि त्यात संकेत घाडगे नवरदेवासारखा ताठ बसला होता.

ट्रक रिकामा होता, हीच तर त्याच्या अभिमानाची गोष्ट होती. सातारा जिल्ह्याच्या डोंगरात दडलेल्या आंबेघोल खोऱ्यात आजवर जो सरकारी ट्रक गेला, तो भरून गेला आणि रिकामा परतला. आज पहिल्यांदा उलटं घडणार होतं. खोऱ्यातल्या वाड्यांकडे तांदूळ शिल्लक होता, तिकडे कोरडवाहू माण भागात तो हवा होता आणि योग्य मोबदला देऊन तो उचलायला हा ट्रक निघाला होता. ही शिल्लक ज्या यंत्रानं ओळखली ते यंत्र संकेतनं घडवलं होतं आणि ज्या खोऱ्यात ओळखली तिथं तो जन्मला होता. एवढं सगळं जुळून आल्यावर माणूस थोडा फुगला तर त्याला दोष कुठला द्यायचा?

"साहेब, एक विचारू का?" ड्रायव्हर यासीन मुल्ला म्हणाला. तो कराडचा. बाकीचे ट्रक आता स्वतःचे स्वतः धावत होते, पण या घाटातलं धुकं यंत्राला मानवत नव्हतं, म्हणून इथे अजून माणूस लागायचा. "हा रस्ता मला पाठ आहे. या लोकांनी भादव्यात दाणा दिल्याचं कधी ऐकलं नाही. भादव्यात यांच्याकडं पाऊस असतो आणि धुकं असतं. तिसरं काय नसतं."

"यंदा आहे, यासीनभाई. घराघरातून कळलंय."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच की."

"मग झालं," असं म्हणून यासीननं गिअर बदलला, पण त्याच्या चेहऱ्यावरून काही झालंय असं वाटत नव्हतं.

घराघरातून कसं कळायचं, ते इथेच सांगून टाकलेलं बरं.

पूर्वी धान्य वाटायचं ते माणसं मोजून. घरात पाच डोकी, मग पाच डोक्यांचं धान्य. पण भूक काही डोकी मोजून येत नाही. पीक रोगानं गेलं, रस्ता खचला, बाजाराची एसटी बंद झाली, घरात बाळंतीण आली, अशा शंभर कारणांनी कुणाच्या ताटात काय पडतं ते ठरत असतं. धान्य पिकलं म्हणजे गावात पोचलं असं नाही आणि गावात पोचलं म्हणजे पोटात गेलं असंही नाही. ओळीनं तीन-चार वर्षं हवामान बिघडलं, तेव्हा गोदामं भरलेली असूनही माणसं उपाशी राहिली, कारण भूक कुठे लागणार आहे हे ती लागून गेल्यावर समजायचं. म्हणून पुण्यात 'अन्नवेध' केंद्र उभं राहिलं. वेधशाळा पावसाचा अंदाज सांगते, तसा हे केंद्र भुकेचा अंदाज सांगायचं. उपग्रहांनी पाहिलेलं पीक, बाजारातली आवक, रस्त्यांची खबर, हे सगळं अन्नवेधाच्या यंत्रात जात होतंच. पण त्याचा खरा कणा होता घराघरात बसवलेली बोलकी डबी.

चहाच्या डब्याएवढीच ती. रोज संध्याकाळी ती विचारायची, आज घरात काय काय आहे, काय चाललंय, आणि घरातली बाई सांगायची. लाखो स्वयंपाकघरांची उत्तरं जोडून यंत्र ठरवायचं, की तीन आठवड्यांनी कुठे टंचाई पडणार, आणि भूक पोचायच्या आत धान्य पोचायचं. डबीचं सरकारी नाव 'पोषण संवाद साधन'. खोऱ्यातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं: भोचक.

केंद्रातल्या काही जणांना कोठ्यांना वजनकाटेच लावायचे होते. त्यांच्याशी संकेत भांडला होता. "लोकांच्या डब्यांत डोकावू नका," तो म्हणाला होता, "त्यांना विचारा. माणूस स्वतःच्या घराबद्दल खोटं का सांगेल?" हे म्हणणं सगळ्यांना पटलं. पुढे त्यानं आणखी एक गोष्ट करवून घेतली. यंत्रातले आकडे कुणालाही हातानं बदलता येऊ नयेत. ना अधिकाऱ्याला, ना आमदाराला. स्वयंपाकघर बोलेल तेच खरं. या नियमासाठी वर्तमानपत्रांनी त्याची पाठ थोपटली होती.

डबीनं विचारायची वेळही त्यानंच निवडली होती, दिवेलागणीची. सगळी घरात असतात तेव्हा. आणि आंबेघोलसाठी डबीचा आवाजही त्याचाच होता. शहरी आवाजाला डोंगरातल्या बायका बुजतात म्हणून त्यानं स्वतःच्या आवाजात सगळे प्रश्न बोलून दिले होते. रोज संध्याकाळी खोऱ्यातल्या प्रत्येक घरात वनिताबाईंचा संकेत विचारायचा, "आज घरात काय काय आहे?"

त्यात त्याच्या आईचं, वनिताबाईंचंही घर आलंच. वडील गेल्यापासून ती एकटी होती. आधी तो रोज फोन करायचा, जेवलीस का, काय केलंस. मग त्याच्या फोनवर तिच्या घरापुढे एक हिरवा ठिपका दिसायला लागला. हिरवा म्हणजे घर भरलेलं. ठिपका बघितला की काळजी मिटायची, आणि काळजी मिटलेला माणूस फोन करायचं उद्यावर टाकतो. गेल्या काही महिन्यांत तर ठिपका इतका गर्द हिरवा झाला होता, की केंद्राच्या प्रमुख वागळे मॅडम गमतीनं म्हणाल्या होत्या, "घाडगे, तुमच्या खोऱ्यात भात वाढतोय ते समजलं, पण मीठसुद्धा वाढतंय. मिठागर निघालं की काय?"

संकेत हसला होता. बाजारातून आणलं असेल, म्हणाला होता.

उपग्रह मात्र काही वेगळंच सांगत होते. गेल्या हंगामात खोऱ्यातल्या भातावर करपा पडल्याचा त्यांना संशय होता. पण डोंगरावर बारा महिने ढग, त्यांना धड दिसतं कुठे? इकडे शेकडो घरं रोज एका सुरात सांगत होती, तांदूळ वाढले, डाळ वाढली, तेल वाढलं. शिकणारं यंत्र ज्या साक्षीदारांचं एकमेकांशी जुळतं, त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवायला लागतं. त्यानं उपग्रहाचं ऐकणं कमी केलं आणि घरांचं वाढवलं. खोऱ्याचा वाटा आधी निम्मा झाला, मग बंद. आणि आता ट्रक निघाला होता. येत्या आठवड्यात अन्नवेध राज्यभर लागू होणार होतं, संकेत त्याचा संचालक होणार होता आणि वागळे मॅडमना त्याआधी भरलेल्या ट्रकसमोरचे फोटो हवे होते.

ट्रक वाडीत शिरला तो दुपार कलताना. हॉर्न ऐकून बायका छत्र्या, इरली, जे हाती लागेल ते डोक्यावर घेऊन धावत आल्या. संकेतला बरं वाटलं. बऱ्याच जणींच्या काखेत घडी केलेली पोती होती.

"पोती आणलीत ते छान केलंत," तो खाली उतरत म्हणाला. "भरून ठेवली असतीत तर लगेच चढवली असती."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शेजारच्या सुलाकाकीनं ट्रकच्या फाळक्यावर चवडे रोवून चढून आत नजर टाकली. आत ताडपत्री आणि पावसाचं पाणी. ती खाली उतरली.

"मोकळाच आनलास व्हय रं?"

"म्हणजे काय काकी, न्यायला आलोय ना."

काकीच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. ते तिनं गिळलं. तिच्या मांडीवर खेळलेला पोरगा किती दिवसांनी गावात आला होता. दारात आलेल्याला आधी पाणी विचारायचं, भांडण मागनं.

"जा, आधी आईकडं जाऊन जेव," ती म्हणाली. "मग बघू काय न्यायचं त्ये."

आई दारातच उभी होती. ती वाळल्यासारखी वाटली त्याला, पण आई प्रत्येक वेळी तशीच वाटते, असं म्हणून त्यानं तो विचार झटकला. तिनं त्याच्या आणि यासीनच्या पायांवर पाणी घातलं, दोघांना बसवलं आणि ताटं केली. नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी, कुळथाची पिठी आणि प्रत्येकाला भाताची एक लहानशी मूद. घरच्या भाताचा वास आला तसा संकेत लहान झाला. पिठी ओतून दोन घासांत त्यानं मूद संपवली.

"आई, अजून भात आण ना."

"भाकरी घे की. ऊन हाय."

"भाकरी काय, तिकडंही खातो. हा भात मिळत नाही. नसेल तर टाक थोडा शिजत, आम्हाला घाई नाही."

आई परातीतलं पीठ उगाच सारखं करत राहिली. "तांदूळ वाढल्यात रं बाळा."

"तेच म्हणतोय मी. वाढलेत, तर टाक की मूठभर."

आईचा हात थांबला. तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तो चेष्टा करतोय की काय, हे तिला कळेना.

"वाढल्यात," ती पुन्हा म्हणाली, या वेळी हळू, लहान पोराला समजावतात तसं.

यासीनच्या ध्यानात आलं होतं. त्यानं आपल्या ताटातली मूद, जिला अजून हात लावला नव्हता, तशीच ठेवली आणि तो खाली बघत भाकरी मोडायला लागला. संकेत अजून ताट पुढे करून बसला होता. मग त्याच्या कानात कुठून तरी आईचाच आवाज आला, खूप जुना. जा रं पळत, सुलाकाकीला सांग, मीठ वाढलंय. आणि तो वाटी घेऊन पळायचा आणि वाटी भरून आणायचा. त्या वयात त्याला या शब्दाचा अर्थ कुणी शिकवावा लागला नव्हता.

तो उठला. आत जाऊन तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं. तळाला चिमूटभर तांदूळ होते, डबा अगदी रिकामा करायचा नसतो म्हणून ठेवलेले. मिठाच्या बरणीत चार खडे. तेलाच्या किटलीत बुडाला चिकटलेलं तेल. दोघांच्या ताटात पडलेल्या त्या दोन मुदी म्हणजे घरातला शेवटचा तांदूळ होता.

आपल्या भाषेत घरातली वस्तू संपत नाही, ती वाढते. दिवा विझवायचा नसतो, वाढवायचा असतो. संध्याकाळी दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तर ती वाढली म्हणायचं, आणि देवापुढे नारळ फोडला तरी तो वाढवला. 'नाही' आणि 'संपलं' हे शब्द घरात नांदू नयेत म्हणून कुणा शहाण्या बायकांनी हे बोलणं घडवलं असणार. त्यातून देवापुढे आणि दिवेलागणीला तर ते शब्द तोंडातून काढायचेच नाहीत. शहरातून हे बोलणं हळूहळू गेलं आणि यंत्र शिकलं ते शहरातल्या वाक्यांवर. भाव वाढला, वजन वाढलं, पाऊस वाढला, ताट वाढलं. वाढलं म्हणजे जास्त झालं किंवा पानात पडलं. तिसरा अर्थ त्याला कुणी सांगितलाच नाही. खोऱ्याची कोठी जसजशी रिकामी होत गेली तसतशी ती यंत्राच्या कानाला भरत गेली. यंत्रानं वाटा तोडला, मग आणखी घरांतून आणखी जिनसा 'वाढल्या', आणि यंत्रानं आणखी तोडला.

संकेत देवाच्या फळीकडे बघत राहिला. डबी तिथेच होती, देवांच्या शेजारी. घरात प्लग तेवढ्याच फळीवर होता, देवापुढच्या विजेच्या समईसाठी. खोऱ्यातल्या जवळजवळ सगळ्या घरांत ती तिथेच बसली असणार, हे त्याच्या आत्ता ध्यानात येत होतं.

"आई, मला एक फोन का नाही केलास?" त्यानं विचारलं.

"फोन कशाला? रोज सांगतेय की तुला."

"मला?"

"ह्येला." तिनं डबीकडे बोट केलं. "मी काय खुळी न्हाय. यंत्र हाय ते ठावं हाय मला. पर आवाज तुझा हाय न्हवं. मला वाटलं, आवाज तुझा हाय म्हंजे कान बी तुझाच असंल."

संकेत फळीपाशीच खाली बसला.

"समदी बायामानसं म्हनायची, वनिताच्या पोरानं ऐकलंय, आज न्हाय उद्या धाडील. मी कशी म्हनू, न्हाय धाडत म्हनून? मनात म्हनलं, पोराच्या बी हातात नसंल काय तर. उगं त्येच्या जिवाला घोर कशाला." ती पदरानं डबीवरची धूळ पुसायला लागली, धूळ नव्हती तरी. "कुर्डू हाय, भारंगी हाय, नाचनी हाय. चाललंय की."

काय चाललंय ते त्याला तिच्या मनगटांवर दिसत होतं. हातातली पितळी कडी कोपरापर्यंत वर सरकत होती. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यानं बाहेर ओट्यावर येऊन वागळे मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मॅडमनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्या वाईट बाई नव्हत्या.

"यंत्राला हा शब्द शिकवून तपासायला दोन-तीन आठवडे तरी लागतील," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या फेरीची वाटणी आज रात्रीच पक्की होते."

"आज आकडे हातानं बदला, मॅडम. माझ्या नावावर."

"आज तुझ्या सांगण्यावरून बदलले, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून बदलावे लागतील. दार मुळात ठेवलेलंच नाही, संकेत. तूच ठेवू दिलं नाहीस." मग त्यांचा आवाज खाली आला. "एकच रस्ता आहे. आज संध्याकाळी तिथल्या घरांनी स्वतःहून 'संपलं' म्हणायला हवं, यंत्राला कळेल असं. एवढी घरं एकदम बोलली तर ते ऐकेल. पण मग हे सगळं नोंदलं जाईल. राज्यभरचा विस्तार थांबेल. तुझं संचालकपद..."

"थांबवा," संकेत म्हणाला. "आणखी किती खोऱ्यांत असंच 'वाढत' असेल, कुणास ठाऊक."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

सुलाकाकीच्या ओसरीवर बायका जमल्या. संकेतनं हात जोडले, चूक कबूल केली आणि आज फक्त एकदा डबीला 'संपलं' म्हणा, अशी विनवणी केली. ट्रकवरचा राग ओसरीवर आधीच बाहेर पडला होता. चार जणींनी त्याला जे ऐकवायचं ते ऐकवलं आणि त्यानं ऐकून घेतलं. पण 'संपलं' म्हणायची गोष्ट निघाली तशा सगळ्या मागे सरकल्या.

"दिव्याम्होरं?" सुलाकाकी म्हणाली. "देवाच्या फळीवर त्ये भोचक बसलंय आन् त्येच्याम्होरं त्यो शब्द काढू? माझ्या सासूनं मरतानासुदिक घोटभर पानी वाढलं म्हनलं, पर त्यो शब्द न्हाय काढला."

"काकी, नुसता एक शब्द आहे."

"मग तुझ्या यंत्रालाच शिकीव की आमचा शब्द. त्येला कशापायी जड जातंय?"

खरं तर काकीचंच बरोबर होतं. यंत्रानं माणसाची भाषा शिकायची, की माणसानं पोटासाठी यंत्राची? तीन आठवड्यांची सवड असती तर तो हा वाद आनंदानं हरला असता. पण सवड नव्हती, आणि या बायकांच्या तोंडून तो शब्द ओढून काढायचा त्याला धीरही होत नव्हता. त्यांच्याकडे आता उरलं होतं काय? एवढं बोलणंच तर उरलं होतं.

इतका वेळ खांबाला टेकून बसलेली त्याची आई तेव्हा बोलली.

"दिवा लागल्यावर म्हनायचं न्हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग दिवाच लावायचा न्हाय. भोचक इचारील, सांगून टाकायचं, आन् मग लावायचा. एक दीस देव बसंल अंधारात. आपून बसलोयच की."

ओसरीवर कुणी हसलं, कुणी डोळ्यांना पदर लावला. सुलाकाकीनं थोडा विचार केला आणि मान डोलावली. मग सगळ्या एकदम उठल्या. बचत गटाच्या ग्रुपवर निरोप गेला, आज भोचक बोलंस्तवर दिवा लावू नका, आणि काय म्हणायचं तेही. वरच्या दोन वाड्यांना फोनची रेंज नव्हती. यासीननं काही न विचारता ट्रक सुरू केला आणि हॉर्न वाजवत, धुक्यातून, दारोदारी निरोप सांगत गेला. रिकामा ट्रक अखेर एका कामाला आला.

त्या दिवशी दिवेलागणीला आंबेघोल खोऱ्यात एकाही घरात दिवा लागला नाही.

संकेत आईच्या शेजारी देवाच्या फळीसमोर बसला होता. अंधार दाटत आला तशी बाहेर बेडकांची ओरड वाढली. डबीवर निळा ठिपका पेटला आणि तिच्यातून संकेतचाच आवाज आला, गोड, अगत्याचा, सहा महिन्यांपूर्वी पुण्यातल्या बंद खोलीत बोलून ठेवलेला.

"नमस्कार. दिवेलागण झाली. आज घरात काय काय आहे?"

आईनं तोंड उघडलं. "तांदूळ..." इथे तिची जीभ अडली. इतक्या वर्षांची सवय पुढे यायला बघत होती. तिच्याऐवजी आपणच ओरडून सांगावं असं संकेतला वाटलं, पण डबी फक्त घरच्या बाईचा आवाज मानायची. तोही त्याचाच नियम.

"तांदूळ संपलं," आई म्हणाली.

"ऐकलं. नक्की? तांदूळ पूर्ण संपले?"

आईनं डबीकडे पाठ केली. अंधारात तिला मुलाचा चेहरा दिसत नसणार, पण ती त्याच्याचकडे वळून बोलली.

"व्हय बाळा. कवाच संपलं. डाळ संपली. त्याल संपलं. मीठ संपलं. तुझं बा असतं तर त्येंनी काय तर केलं असतं. मला एकटीला न्हाय जमलं."

"ऐकलं," डबी म्हणाली.

"ऐकलं, आई," संकेत म्हणाला. त्यानं अंधारातच तिचा हात धरला आणि लहान असताना रडायचा तसा तो रडला. तिनं त्याला रडू दिलं. मग विचारलं, "लावू आता दिवा?"

तिनं विजेची समई लावली नाही. कोनाड्यातलं पितळेचं निरांजन काढलं, किटलीच्या बुडाचं तेल निथळून घेतलं आणि वात पेटवली. संकेत दारात गेला. समोरच्या उतारावर एक दिवा दिसला, मग दुसरा, मग पलीकडच्या वाडीत तीन-चार एकदम. घर बोलून होईल तसा तिथे उजेड लागत होता. वरच्या वाड्या धुक्यात होत्या, पण तिकडेही कुठे कुठे पिवळं दिसत होतं, आणि यासीनचा हॉर्न अजून वाजत होता.

पुण्यात अन्नवेधच्या भिंतीएवढ्या नकाशावर त्याच वेळी एक गर्द हिरवा डाग लाल झाला. रात्री वाटणी पक्की झाली आणि दोन दिवसांनी यासीनच ट्रक घेऊन आला, या वेळी फाळक्यापर्यंत भरलेला. फोटो कुणी काढले नाहीत.

राज्यभरचा विस्तार लांबला. संचालक दुसरंच कुणी झालं. संकेतनं मागून घेतलेलं काम असं होतं, की पाठीला पिशवी लावून गावोगावच्या स्वयंपाकघरांत बसायचं आणि तिथल्या बायका 'नाही' कसं म्हणतात ते ऐकायचं. ते म्हणायच्या किती तऱ्हा आहेत, हे समजायला लागल्यावर तो चक्रावून गेला. यंत्र त्या शिकत गेलं. यंत्र हुशार होतंच, त्याला कुणी तरी बसून सांगायला हवं होतं. डबी देवाच्या फळीवरून खाली आली, विचारायची वेळ दिवेलागणीवरून सकाळवर गेली, आणि आंबेघोलच्या डबीतला आवाज संकेतनं काढून टाकला. तिथे आता कुणाचाही नसलेला एक आवाज बोलतो. बायकांनी डबीचं नाव मात्र बदललेलं नाही, अजून भोचकच.

फोनवरचा ठिपकाही त्यानं पुसून टाकला. दिवेलागण झाली, की तो जिथे असेल तिथून आईला फोन करतो. परवा तो कोकणातल्या कुठल्याशा एसटी स्टँडवर होता. आईनं फोन उचलल्यावर त्यानं नेहमीसारखं विचारलं,

"आई, आज काय काय वाढलं?"

"आज कायबी वाढलं न्हाय बाळा," आई हसून म्हणाली. "समदं हाय. तू जेवलास का?"